दुखापतीनंतर मॅरेथॉनकडे परतताना

(प्रतिनिधी)

पुण्यात १९८३ पासून आणि मुंबईत २००४ पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन होऊ लागली आणि धावणे हा केवळ खेळाडूंचा विषय राहिला नाही. आज पहाटे मरीन ड्राइव्ह, शिवाजी पार्क, ठाण्याचा उपवन तलाव किंवा पुण्यातील वेताळ टेकडी येथे धावणाऱ्यांत बँकेतील कर्मचारी, डॉक्टर, गृहिणी, निवृत्त शिक्षक असे सर्वच दिसतात. धावणाऱ्यांची संख्या वाढली तशी दुखापतग्रस्तांचीही वाढली. पोटरी धरते, गुडघा ठणकतो, टाच जमिनीवर टेकवत नाही, नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो आणि कित्येक महिन्यांचा सराव एका सकाळी थांबतो.

दुखापत झाल्यावर काय करावे, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. दुखणे थांबल्यावर पुन्हा कसे धावावे, याबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. वास्तविक धावपटूची खरी कसोटी तेथेच असते. दुखापत बरी होत आली असताना केलेली घाई हे ती उलटण्याचे मोठे कारण आहे. सहा आठवड्यांत भरून येणारा तडा अशा घाईमुळे सहा महिने पिच्छा सोडत नाही.

दुखापत होते कशी?

धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट भार पायावर येतो. एका किलोमीटरला सुमारे हजार पावले पडतात. मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे या भाराची कल्पना येते. मुरगळणे किंवा पडणे यांसारखे अपघात वगळले, तर धावपटूंच्या बहुतेक दुखापती एका क्षणात होत नाहीत. त्या साचत जातात.

हाड, स्नायू आणि स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा या तिन्ही गोष्टी भाराला प्रतिसाद देऊन बळकट होतात. मात्र प्रत्येकीचा वेग निराळा असतो. स्नायू काही आठवड्यांत सुधारतो, तर कंडरेला आणि हाडाला महिने लागतात. हाडाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. भार वाढला की शरीर आधी हाडाचा जुना भाग झिजवून काढते आणि नंतर तेथे नवा भाग घडवते. या मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षाही नाजूक असते. त्याच काळात अंतर वाढवत नेले, तर सूक्ष्म भेगा साचून ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ होते. सराव उत्तम चालला असताना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर अचानक नडगी दुखू लागण्यामागे अनेकदा हेच कारण असते.

आधी निदान, मग सराव

परतण्याचे वेळापत्रक दुखापतीच्या प्रकारावर ठरते. त्यामुळे ‘पाय दुखतो’ एवढ्या माहितीवर कोणताही आराखडा आखता येत नाही. नडगीच्या आतल्या कडेला लांबवर पसरलेले दुखणे बहुधा ‘शिन स्प्लिंट’चे असते. बोटाने दाबल्यावर हाडावरील एकाच बिंदूपाशी कळ येत असेल, तर तडा गेल्याची शंका घ्यावी. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिल्या काही पावलांना टाचेखाली टोचणारी वेदना तळपायाच्या पडद्याशी संबंधित असते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, विशेषतः उतारावर येणारी कळ मांडीच्या बाहेरून जाणाऱ्या ‘आयटी बँड’शी निगडित असते.

स्ट्रेस फ्रॅक्चरबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो. साध्या एक्स-रेमध्ये काही दिसले नाही, म्हणजे हाड ठीक आहे असे मानले जाते. प्रत्यक्षात सुरुवातीचे दोन-तीन आठवडे असा तडा एक्स-रेमध्ये अनेकदा दिसतच नाही. लक्षणे तशी असतील, तर डॉक्टर एमआरआय करण्यास सांगतात, ते याच कारणाने.

सर्वच तडे सारखे नसतात. नडगीच्या मागील-आतील बाजूचा किंवा पावलाच्या मधल्या लांब हाडांचा तडा सहसा सहा ते आठ आठवड्यांत भरून येतो. खुब्याच्या हाडाची मान, नडगीची पुढची बाजू, पावलाच्या मध्यभागी असलेले नौकेच्या आकाराचे हाड आणि करंगळीकडील लांब हाडाचे बूड येथील तडे मात्र धोक्याचे मानले जातात. तेथे रक्तपुरवठा कमी असतो किंवा हाड ताणले जात असते. खुब्याच्या तड्याकडे दुर्लक्ष करून धावत राहिल्यास हाड पूर्ण मोडू शकते व शस्त्रक्रिया अटळ ठरते. म्हणून धावताना जांघेत खोलवर दुखत असेल, तर त्याच दिवशी धावणे बंद करून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

विश्रांती म्हणजे निष्क्रियता नव्हे

दुखापत झाली की बर्फ लावावा आणि पाय उंचावर ठेवून पडून राहावे, हा सल्ला अनेक वर्षे दिला गेला. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची ही चतुःसूत्री अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडली. पुढे खुद्द त्यांनीच आपले मत बदलले. बर्फाने वेदना कमी होते, परंतु बरे होण्याची प्रक्रिया त्यामुळे लांबू शकते, असे त्यांनी नमूद केले. पहिले काही दिवस दुखऱ्या भागाला जपणे आणि त्यानंतर वेदनेच्या मर्यादेत हळूहळू हालचाल व भार सुरू करणे, याकडे आता तज्ज्ञांचा कल आहे.

दरम्यान हृदय आणि फुप्फुसांची क्षमता टिकवण्याचे मार्ग उपलब्ध आहेत. पोहणे, स्थिर सायकल चालवणे आणि कमरेला तरंगता पट्टा बांधून खोल पाण्यात पळण्याची क्रिया करणे हे त्यांतील प्रमुख होत. पाण्यातील पळण्यात पायावर आदळआपट जवळजवळ होत नाही. मात्र ते कंटाळवाणे असते हे खरे. मनगटावरील घड्याळ पाहत दोन-तीन मिनिटांच्या जोरकस फेऱ्या आणि मध्ये एक मिनिट विसावा, असे केल्यास ते सुसह्य होते. आपल्या दुखापतीला यांपैकी कोणता व्यायाम चालेल, हे फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्यावे.

दम तयार, पाय नाही

धावणे बंद झाल्यावर क्षमता किती घटते, याची धास्ती प्रत्येकाला असते. एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कसलेल्या खेळाडूंनी सराव पूर्ण थांबवल्यावर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे सात टक्क्यांनी घटली. साधारण आठ आठवड्यांनंतर ती सोळा टक्क्यांच्या आसपास घटून स्थिरावली. सुरुवातीची घट प्रामुख्याने रक्ताचे प्रमाण कमी झाल्याने होते आणि सराव सुरू करताच ती बरीचशी भरून निघते.

नेमका येथेच सापळा आहे. दम दोन-तीन आठवड्यांत परत येतो, पायही हलके वाटू लागतात आणि ‘आता जमते आहे’ असा विश्वास बळावतो. हाडे आणि कंडरा मात्र अद्याप त्या वेगाला तयार झालेल्या नसतात. सायकल आणि पोहण्याने दम उत्तम राखलेल्या धावपटूला हा धोका अधिक असतो. परतीच्या काळात वेग दमावर न ठरवता पायावर ठरवावा, असे म्हणतात ते यासाठीच.

परतण्यापूर्वीच्या कसोट्या

धावण्यास परवानगी मिळाली, तरी पहिल्या दिवशी बूट बांधून थेट निघू नये. पुढील गोष्टी वेदनेविना जमतात का, हे आधी पाहावे.

१) सलग तीस ते पंचेचाळीस मिनिटे भरभर चालणे, त्या वेळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही न दुखणे.

२) भिंतीचा हलका आधार घेऊन एका पायाच्या चवड्यावर वीस-पंचवीस वेळा उचलणे. दोन्ही पायांची संख्या जवळपास सारखी यावी.

३) एका पायरीवर उभे राहून दुसरा पाय सावकाश खाली टेकवणे. तसे करताना उभ्या पायाचा गुडघा आत झुकू नये.

४) दुखावलेल्या पायावर जागच्या जागी दहा लहान उड्या मारणे. हाडाला तडा गेला असेल, तर ही कसोटी डॉक्टरांच्या संमतीनंतरच घ्यावी.

यांतील एकही गोष्ट जमत नसेल, तर आणखी आठवडाभर थांबणे श्रेयस्कर.

चालणे आणि धावणे यांचा मेळ

परतीच्या सरावाचा रूढ आणि सुरक्षित मार्ग म्हणजे चालणे आणि धावणे आलटून पालटून करणे. प्रत्येक सत्र तीस मिनिटांचे, म्हणजे पाच मिनिटांच्या सहा फेऱ्यांचे ठेवावे. पहिल्या टप्प्यात फेरीत चार मिनिटे चालावे व एक मिनिट धावावे. दुसऱ्या टप्प्यात तीन मिनिटे चालणे व दोन मिनिटे धावणे, तिसऱ्यात दोन मिनिटे चालणे व तीन मिनिटे धावणे, चौथ्यात एक मिनिट चालणे व चार मिनिटे धावणे, असा क्रम ठेवावा. पाचव्या टप्प्यात सलग तीस मिनिटे धावावे. प्रत्येक टप्पा दोन ते तीन वेळा वेदनेविना पार पडल्यावरच पुढच्यावर जावे. दोन सत्रांमध्ये किमान एक दिवसाचे अंतर असावे. या हिशेबाने सलग अर्धा तास धावण्यास साधारण तीन ते साडेचार आठवडे लागतात.

धावण्याचा वेग सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढाच असावा. पावले किंचित आखूड आणि जलद टाकावीत. पावलांची गती पाच ते दहा टक्क्यांनी वाढवल्यास गुडघा आणि खुबा यांवरील भार कमी होतो, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनात दिसून आले आहे. आधी अंतर वाढवावे. वेग आणि चढ यांचा विचार अगदी शेवटी करावा.

दहा टक्क्यांचा नियम

आठवड्याचे एकूण अंतर दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, हा नियम धावपटूंच्या गटांत प्रमाण मानला जातो. त्याला पुराव्याचा आधार मात्र कमकुवत आहे. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे नवोदित धावपटूंवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दहा टक्क्यांच्या नियमाने चालणारा गट आणि अधिक वेगाने अंतर वाढवणारा गट यांच्या दुखापतींत फरक आढळला नाही. दोन्ही गटांत साधारण पाचपैकी एकाला दुखापत झाली.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासाने या प्रश्नावर वेगळा प्रकाश टाकला. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकाच दिवशी घेतलेली मोठी उडी धोकादायक ठरते, असे त्यात दिसले. मागील तीस दिवसांतील सर्वांत लांब धावेपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक अंतर एकाच वेळी धावल्यास दुखापतीची शक्यता वाढते. परतणाऱ्या धावपटूसाठी हे फार मोलाचे आहे. महिनाभरात सर्वाधिक आठ किलोमीटर धावलेल्या व्यक्तीने रविवारी मित्रांचा गट निघाला म्हणून पंधरा किलोमीटर धावणे, हा थेट दुखापतीला दिलेला होकार ठरतो.

वेदनेची भाषा

परतीच्या काळात काहीच दुखणार नाही, अशी अपेक्षा व्यवहार्य नसते. कोणते दुखणे चालेल आणि कोणते नाही, हे ओळखता आले पाहिजे. त्यासाठी शून्य ते दहा अशी मोजपट्टी वापरतात. स्नायू आणि कंडरा यांच्या दुखापतीत धावताना दोन-तीनपर्यंतचे दुखणे, ते वाढत नसेल व दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत होत असेल, तर चालवून घेता येते. हाडाच्या दुखापतीत ही सवलत नाही. तेथे शून्यच हवे. दुखण्यामुळे पाऊल तिरके पडू लागले किंवा लंगडावे लागले, तर त्याच क्षणी थांबून चालत घरी परतावे.

दुसऱ्या दिवशीची सकाळ हा सर्वांत विश्वासार्ह निकष आहे. धावून आल्यावर शरीर तापलेले असते, वेदना झाकली जाते. रात्रभराच्या विश्रांतीनंतर पहिली दहा पावले कशी पडतात, ते रोज एका वहीत लिहून ठेवावे.

वेदनाशामक गोळी घेऊन धावणे सर्वथा टाळावे. गोळीमुळे शरीराची सूचना ऐकू येत नाही, दुखापत मात्र वाढतच असते. शिवाय दीर्घ पल्ल्याच्या धावेत शरीरातील पाणी कमी झालेले असताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांचा मूत्रपिंडावर विपरीत परिणाम होऊ शकतो.

बळकटीचे व्यायाम

विश्रांतीने वेदना थांबते, पण दुर्बल राहिलेला स्नायू आपोआप बळकट होत नाही. स्वीडनमधील हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये टाचेमागील कंडरा दीर्घकाळ दुखणाऱ्या पंधरा धावपटूंना बारा आठवडे एकच साधा व्यायाम दिला. पायरीच्या कडेवर चवड्याने उभे राहून टाच सावकाश खाली नेणे, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, प्रत्येकी पंधराच्या तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा. ते सर्व धावपटू पुन्हा धावू लागले. पंधरा जणांचा अभ्यास लहानच. तरीही भार टाळून नव्हे, तर योग्य भार देऊन कंडरा बरी होते, हा विचार त्यानंतर जगभर रुजला. मात्र कंडरा टाचेच्या हाडाला जेथे चिकटते तेथेच दुखत असेल, तर टाच पायरीखाली नेऊ नये. सपाट जमिनीवर हा व्यायाम करावा.

याखेरीज उठाबशा, कुशीवर झोपून पाय वर उचलणे आणि पाठीवर झोपून कंबर उचलणे हे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा करावेत. त्यासाठी जिमची गरज नाही. इमारतीचा जिना आणि घरातील सतरंजी पुरेशी आहे. दुखणे थांबले की हे व्यायाम प्रथम सुटतात. ते हंगामभर चालू ठेवावेत.

रस्ता, चढ आणि बूट

आपल्याकडील रस्ते मधोमध उंच आणि कडेला उतरते असतात. एकाच कडेने सतत धावल्यास एका पायावर अधिक ताण येतो. म्हणून परतीचे पहिले आठवडे मैदान, उद्यानातील मातीची वाट किंवा सपाट पदपथ निवडावा. चढावर पोटरी व टाचेमागील कंडरा ताणली जाते, तर उतारावर गुडघा आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंवर भार येतो. त्यामुळे पोटरीच्या दुखापतीनंतर चढ आणि गुडघ्याच्या दुखापतीनंतर उतार शेवटी घ्यावेत. पुण्यातील टेकड्यांवर सराव करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

बुटांविषयी अतिरेकी चर्चा होते. जुने बूट पाचशे ते आठशे किलोमीटर धावून झाले असतील, तर बदलावेत. परंतु परतीच्या काळातच पातळ तळव्याचे किंवा सर्वस्वी निराळ्या घडणीचे बूट घेऊन नवा प्रयोग करू नये.

आहार आणि झोप

दुखापतीच्या काळात वजन वाढेल या भीतीने अनेक जण जेवण तोडतात. हाड व स्नायू भरून येण्यासाठी शरीराला ऊर्जा आणि प्रथिने लागतात. नेमकी त्याच वेळी ती अपुरी पडतात. खेळाडूंतील या ऊर्जेच्या तुटीची आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये स्वतंत्र आजारस्थिती म्हणून दखल घेतली. महिला धावपटूंची मासिक पाळी अनियमित होणे किंवा थांबणे ही त्याची ठळक खूण आहे. ‘सरावामुळे असे होतेच’ म्हणून ती सोडून देऊ नये. वारंवार हाडाला तडा जाणाऱ्यांनी ‘ड’ जीवनसत्त्व, बी-१२ आणि लोह यांची तपासणी करून घ्यावी. भरपूर ऊन असूनही शहरी भारतीयांत ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते.

डाळी, उसळी, दूध, ताक, अंडी, मासे, नाचणी आणि तीळ यांचा आहारात समावेश असावा. मॅरेथॉनचा सराव रंगात येतो तेव्हाच नवरात्र येते. नऊ दिवसांचा उपवास करणाऱ्यांनी त्या आठवड्यात अंतर वाढवू नये. झोपेचेही तसेच आहे. पहाटे साडेचारला उठून धावायचे आणि रात्री बाराला झोपायचे, हा क्रम निरोगी पायालाही मानवत नाही.

दिनदर्शिकेचे गणित

सर्वांत अवघड निर्णय स्पर्धेचा असतो. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. पूर्ण मॅरेथॉनच्या तयारीला साधारण सोळा ते वीस आठवडे लागतात. समजा, १ ऑक्टोबरला नडगीला तडा गेल्याचे निदान झाले. सहा ते आठ आठवड्यांची विश्रांती धरली, तर नोव्हेंबरचा मध्य किंवा अखेर येते. चालण्या-धावण्याच्या टप्प्यांना चार आठवडे दिले, तर सलग अर्धा तास धावणे डिसेंबरच्या दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात जमेल. त्यानंतर स्पर्धेला उरतात साधारण तीन ते साडेपाच आठवडे. चार-पाच किलोमीटरवरून या अवधीत ४२ किलोमीटरपर्यंत मजल मारणे शक्य नाही. अर्धमॅरेथॉनही धाडसाचीच ठरेल. दहा किलोमीटरची धाव किंवा ‘ड्रीम रन’मध्ये चालत सहभाग, हे पर्याय प्रामाणिक आहेत. दुखापत जुलैमध्ये झाली असेल, तर गणित बदलते.

भरलेले शुल्क, कार्यालयात केलेली घोषणा, एखाद्या संस्थेसाठी गोळा केलेला निधी या सर्वांचे दडपण असते. परंतु पेडर रोडचा चढ उत्तरार्धात समोर येतो तेव्हा ही कारणे पायाला आधार देत नाहीत.

थोरांची उदाहरणे येथे नेहमी दिली जातात. अमेरिकेच्या जोन बेनॉइट यांनी १९८४ मध्ये गुडघ्यावरील शस्त्रक्रियेनंतर अवघ्या सतरा दिवसांनी निवड चाचणी जिंकली आणि पुढे महिलांच्या पहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉनचे सुवर्णपदक मिळवले. ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफ यांची कथा अधिक बोधप्रद आहे. मांडीच्या हाडाला तडा गेल्यामुळे तयारी अपुरी राहिलेल्या या तत्कालीन जागतिक विक्रमवीर २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तेविसाव्या आल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, पुरेसा अवधी मिळाल्यावर, न्यूयॉर्क मॅरेथॉन त्यांनीच जिंकली. धावपटू तीच होती. मधल्या अडीच महिन्यांनी फरक घडवला.

हे लक्षात ठेवा

* रात्री झोपेत दुखणे, जांघेतील कळ, हाडावर एकाच बिंदूपाशी दुखणे किंवा लंगडणे यांपैकी काहीही असल्यास धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

* पोटरी एकाएकी सुजून गरम व लाल झाल्यास ती स्नायूची दुखापत समजून चोळू नये. रक्ताची गुठळी असू शकते. तातडीने रुग्णालयात जावे.

* मागील महिन्यातील सर्वांत लांब धावेपेक्षा एकाच दिवशी फार मोठी उडी घेऊ नये.

* दुखणे परत आले, तर एक टप्पा मागे यावे. सुरुवातीपासून आरंभ करण्याची गरज बहुधा नसते.

* घड्याळातील जुन्या वेळांशी तुलना किमान तीन महिने टाळावी.

* गटासोबत जावे, पण गटाच्या वेगाने धावू नये. सुरुवातीचे काही रविवार पाणीवाटपाची जबाबदारी घेतली, तर सोबतही टिकते आणि पायही.